चोर्ला रोडला दिसलेलं मोठं काळं-पिवळं फुलपाखरू कुठलं? आणि हिंडलग्यात परसात येईल का?

हिंडलग्याचा_बाबू
नमस्कार मंडळी. गणपती झाल्यावर आम्ही दोघं-तिघं गाड्या काढून जांबोटी-कणकुंबी करत चोर्ल्याकडं गेलो होतो, कणकुंबीच्या पुढं गाडी बाजूला लावून थर्मासातला चहा पिऊलालतो तेवढ्यात रस्त्याकडेच्या घाणेरीवर हे आलं. पहिल्यांदा मला पाखरूच वाटलं, खरंच. वरचे दोन पंख काळे मखमली, खालचे दोन पिवळेधमक आणि त्या पिवळ्यात मोठे मोठे काळे ठिपके. एका जागी बसायचं नावच नाही, फुलाला पाय लावून पंख फडफडवतच रस पीत होतं आणि पाच-सहा फुलं झाली की वर उठून सरळ झाडांच्या शेंड्यावर गेलं, मग काय दिसलं नाही. मोबाईलवर फोटो काढले खरं सगळे हललेत, त्यातला एक जरा बरा आहे तो खाली टाकलाय.

फोटो ॲपमध्ये टाकला तर एकदा गोल्डन बर्डविंग म्हणतंय आणि परत टाकला तर कॉमन बर्डविंग म्हणतंय. नक्की कुठलं धरायचं?

दुसरं असं की बेळगावजवळ हिंडलग्यात आमच्या घरामागं परसात दोन-अडीच गुंठे जागा मोकळी आहे. जास्वंद, इक्झोरा, झेंडू सगळं लावलंय, साधी पिवळी-पांढरी फुलपाखरं येतात खरं हे कधी आलेलं नाही. काय लावलं तर येईल? भाचीच्या शाळेत कन्नड टीचरनी राज्याच्या चिन्हांचा प्रोजेक्ट दिलाय त्यात 'राज्य चिट्टे' म्हणजे राज्य फुलपाखरू पण आहे आणि घरात कुणालाच माहिती नाही, तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

कणकुंबी_क्लिक्स
बाबू, तुझे दोन्ही प्रश्न एकाच उत्तरात संपतात बघ. तू बघितलंस ते सदर्न बर्डविंग, आणि कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू पण तेच. भाचीला सांग मामानं प्रत्यक्ष बघितलंय म्हणून.

ॲप का चुकतंय ते सांगतो. बर्डविंग म्हणजे ट्रॉइडिस ह्या गटातली सगळीच काळी-पिवळी असतात आणि हललेल्या फोटोत ती वेगळी करणं माणसालाही अवघड जातं. पण ठिकाण बघितलं की प्रश्न राहत नाही. गोल्डन बर्डविंग हिमालयातलं, उत्तराखंडापासून पूर्वेला ईशान्य भारताकडं. कॉमन बर्डविंग ओडिशा, ईशान्य भारत, अंदमान अशा बाजूला. आपल्या सह्याद्रीत ट्रॉइडिस मिनॉस, म्हणजे सदर्न बर्डविंग, एवढं एकच आहे आणि ते सह्याद्री सोडून जगात कुठं सापडत नाही. दक्षिण महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ, तमिळनाडूचा घाटाकडचा भाग, संपलं. आधी त्याला कॉमन बर्डविंगचीच उपजात धरायचे, त्यामुळं जुन्या पुस्तकात आणि काही साईटवर अजून घोळ आहे. म्हणून ॲपमध्ये फोटो टाकताना लोकेशन चालू ठेवत जा, निम्मं काम तिथंच होतं.

आणि तू पिवळ्यात मोठे काळे ठिपके म्हणालास, म्हणजे ती मादी. नराच्या मागच्या पंखात पिवळा रंग सलग असतो, कडेला काळी किनार आणि मधून काळ्या शिरा गेलेल्या, आत ठिपक्यांची रांग नसते. मादी नरापेक्षा मोठी. पंख पसरल्यावर १४० ते १९० मिलिमीटर, म्हणजे मोठी मादी असली तर वीतभराला जरा कमी. मानेजवळ आणि छातीच्या बाजूला लाल रंग असतो, तो उडताना दिसत नाही, फोटो झूम करून बघ. शेपूट नाही. काळ्या पंखावर शिरांच्या दोन्ही बाजूला फिकट रेघा असतात, त्या खालच्या बाजूनं जास्त उठून दिसतात.

फोटोचं म्हणशील तर बसण्याची वाट बघत राहू नको, ते रस पिताना बसतच नाही. पंख चालूच राहतात, वजन फुलावर टाकत नाही. कॅमेऱ्याचा शटर स्पीड हजाराच्या वर ठेव आणि घाणेरीचं एक झुडूप धरून उभा राहा. सकाळी ऊन पडल्यावर खाली येतात, दुपारी सगळा कारभार झाडांच्या शेंड्यावर.

पाटील_लोंढा
भारतातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू हेच ना? आम्हाला शाळेत असंच सांगितलेलं.

पानवेल
२०२० पर्यंत तसंच धरत होते. ब्रिगेडियर इव्हान्स यांनी १९३२ मध्ये सदर्न बर्डविंगची १९० मिमीची नोंद केलेली, ती ८८ वर्षं कुणी मोडली नाही. मग उत्तराखंडात दिदीहाटला गोल्डन बर्डविंगची मादी मोजली ती १९४ मिमी निघाली. चार मिलिमीटरनं गेलं आपलं. प्रोजेक्टमध्ये 'भारतातलं सर्वात मोठं' असं लिहायला देऊ नका, 'दक्षिण भारतातलं सर्वात मोठं' लिहा, ते आजही बरोबर आहे.

बाकी प्रोजेक्टला लागतील म्हणून: कर्नाटकाचा पक्षी नीलकंठ, प्राणी हत्ती, झाड चंदन, फूल कमळ.

आता परसाचं. बाबू, तुम्ही जी यादी दिली ती सगळी फुलांची आहे. इक्झोरा, जास्वंद, घाणेरी, रानातलं भूतकेस, पगोडाचं झाड, ह्या सगळ्यावर बर्डविंग रस प्यायला येतं हे बरोबर, पण तो झाला मोठ्या फुलपाखराचा चहा-नाश्ता. त्याचं पोट भरतं ते अळी असताना, आणि ती अळी फुलाला तोंड लावत नाही, तिला ॲरिस्टोलोकिया कुळातल्याच वेलीची पानं लागतात. आपल्याकडं त्यातली मुख्य म्हणजे ईश्वरी, कोण सापसन म्हणतं, कन्नडमध्ये ईश्वरी बळ्ळी. रानात त्याच्या जोडीला ह्याच कुळातल्या आणखी एक-दोन जाती असतात. ह्या सोडून दुसरं काहीही समोर ठेवा, अळी उपाशी मरेल पण खाणार नाही. त्यामुळं ज्या रानात ही वेल आहे तिथं बर्डविंग, जिथं वेल नाही तिथं फक्त वाट चुकलेलं एखादं.

मादी अंडी घालायच्या आधी पानावर पुढच्या पायांनी टकटक करते, तिची चव पायात असते. पान पटलं तरच पानाखाली एकेक अंडं चिकटवते, गठ्ठ्यानं नाही. अंडं गोल, तांबूस-नारिंगी. अळी दिसायला भयानक: गडद तपकिरी-काळपट लाल, अंगभर मांसल काटे, मधोमध एक फिकट तिरका पट्टा. ते काटे टोचत नाहीत, मऊ असतात. त्रास दिला तर डोक्यामागून दोन टोकांचं नारिंगी शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लोक बघून घाबरतात आणि चपलेनं मारतात, ते तेवढं करू नका.

आणि ही वेल विषारी आहे, म्हणूनच सगळी गंमत. अळी पानातलं विष अंगात साठवते, ते पुढं फुलपाखरातही राहतं. पक्ष्यानं एकदा चोच मारली की परत त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून तर एवढं मोठं, एवढं भडक असून ते आरामात, संथ उडत जातं. पळायची गरजच नाही त्याला.

टिळकवाडीची_ताई
वाचते आहे, छान माहिती. आमच्या अपार्टमेंटच्या खाली पण एक मोठं काळं फुलपाखरू येतं पण त्याला पिवळं नाही, मागच्या पंखावर निळसर आकाशी रंग आहे आणि त्यात काळे टिपके. साधारण वॅक्सिन डेपोच्या बाजूनं येतं आणि आमच्या पपनसाच्या झाडाभोवती घिरट्या घालतं. हे पण बर्डविंगच का, नर वगैरे? शिवाय कुंडीतल्या लिंबाची पानं कुणीतरी पार खाऊन टाकतंय, त्याचा ह्याच्याशी संबंध असेल का? सोसायटीवाले फवारणी करूया म्हणतायत.

पानवेल
ताई, फवारणी आधी थांबवा. ते ब्लू मॉर्मन, मराठीत राणी पाकोळी किंवा नीलवंत म्हणतात. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, २०१५ मध्ये जाहीर केलं, तोपर्यंत देशातल्या कुठल्याच राज्यानं फुलपाखराला असा मान दिला नव्हता. कर्नाटकाचं कणकुंबीला आणि महाराष्ट्राचं टिळकवाडीत, आता ह्यावरून इथं कुणी चालू होऊ नका, ॲडमिन थ्रेड लॉक करतील :)

ब्लू मॉर्मन १२० ते १५० मिमीचं, म्हणजे तेही मोठंच. पंखाच्या मुळाशी खालच्या बाजूला लाल ठिपके असतात. ह्याच्या अळीला लिंबू कुळातलीच पानं लागतात. पपनस, लिंबू, ईडलिंबू, आणि रानात माकडलिंबू, किरमिरा. त्यामुळं ते शहरात बिनधास्त राहतं, कारण बेळगावात दर चौथ्या घरात लिंबाचं झाड. बर्डविंगला शहरात खायलाच काही नाही. फरक एवढाच आहे.

कुंडीतल्या लिंबाची पानं खाणारी मात्र बहुतेक वेळा लाइम बटरफ्लायची अळी असते, काळ्या-पिवळसर ठिपक्यांचं फुलपाखरू होतं ते. लहान असताना ह्या सगळ्या अळ्या पक्ष्याची विष्ठा पडल्यासारख्या दिसतात, काळपट-पांढऱ्या, नंतर हिरव्या होतात. झाड चांगलं असेल तर पानं परत फुटतात. कुंडीतलं रोप अगदीच बारकं असेल तर अळ्या उचलून पपनसावर नेऊन सोडा, हातानं धरल्या तरी काही होत नाही, फक्त वास येईल. कढीपत्त्यावर सापडल्या तर कॉमन मॉर्मनच्या असतील, त्यांनाही तेच.

टिळकवाडीची_ताई
अय्या, म्हणजे पपनसाचं झाड तोडायला निघालेले लोक होते ते थांबवलं ते बरंच झालं. सोसायटीच्या ग्रुपवर हे टाकते.

अथणी_माळरान
आमच्याकडं अथणी साईडला असलं मोठं काय दिसत नाही ओ. ऊस सोडला तर सगळं काळं रान, पाऊस कमी. ह्या वेलीचं बी आणून विहिरीकडेला लावलं तर बर्डविंग येईल काय? पाण्याची सोय आहे.

कणकुंबी_क्लिक्स
दादा, खरं सांगायचं तर नाही येणार. वेल जगेल कदाचित, पण बर्डविंग घाटातल्या ओल्या रानाचं आहे. आपल्या जिल्ह्यात पावसाचं चित्र माहितीच आहे तुम्हाला, आमगाव-कणकुंबीला पाऊस थांबतच नाही, बेळगावात येईपर्यंत तो कितीतरी कमी होतो आणि अथणी-रायबागला दुष्काळी पट्टा. बर्डविंगच्या नोंदी त्या पावसाच्या पट्ट्याबरोबरच चालतात: भीमगड, कणकुंबी, चोर्ला, पलीकडं तिळारी, आंबोली, खाली कॅसलरॉक, दांडेली. पावसाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर दोन-तीन महिने जास्त दिसतं. बेळगाव शहर म्हणजे ह्या पट्ट्याची अगदी कड आहे, बाबूच्या हिंडलग्याचं मी त्यामुळं हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही.

पण तुमच्याकडं दुसरं आहे. काळ्या रानात, बांधाला, जमिनीवर पसरणारी किडामारी बघितली असेल, उग्र वासाची, पानं कडू, जनावर तोंड लावत नाही. ती ईश्वरीची सख्खी बहीण आहे, एकच कूळ. तिच्यावर कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ ही दोन फुलपाखरं वाढतात. काळी, मागच्या पंखावर लाल खुणा, अंग लाल, आणि विषारीही तशीच. तणनाशक मारताना बांधावरची किडामारी तेवढी सोडा, तुम्हाला घाटात यायची गरज नाही.

आता ह्यात आणखी एक भानगड आहे. मघाशी कढीपत्त्याचं कॉमन मॉर्मन म्हटलं ना, त्याच्या माद्या ह्या दोघांची नक्कल करतात. एक मादी हुबेहूब कॉमन रोझ, दुसरी हुबेहूब क्रिमझन रोझ, तिसरी तिच्या नरासारखीच काळी. विष अंगात काही नाही, नुसता वेश विषारी. ओळखायचं कसं तर अंगावरून: रोझचं धड लाल, मॉर्मनचं काळं. एवढं बघायचं, बाकी पंखावरचे ठिपके मोजत बसलात तर दिवस जाईल.

अथणी_माळरान
किडामारी भरपूर हाय आमच्याकडं. जनावराच्या जखमेत किडे पडले की पाला ठेचून लावतात. लाल अंगाची फुलपाखरं पण बघितलीत, सकाळी बांधाला असतात. नाव आज कळलं.

आबा_खानापूर
पोरांनो, ईश्वरीचं बोलणं चाललंय म्हणून लिहितो. आमच्या बांधाला, काजूच्या कुंपणावर ही वेल लहानपणापासून हाय. आमची आई तिची मुळी घराच्या आड्याला बांधायची, साप येत नाही म्हणायची. साप चावला की मुळी उगाळून पाजायचे आणि पोटात दुखलं, बाळंतिणीला काय झालं तरी तीच. आता कुणी करत नाही फारसं, खरं गुण होता त्या मुळीत. त्या वेलीला पानाखाली काटेरी लाल-काळ्या अळ्या असायच्या त्या आम्ही काठीनं पाडून टाकायचो, त्याचं हे फुलपाखरू होतंय हे मला सत्तरीत कळूलालंय. फूल पण विचित्र असतंय तिचं, खाली फुगा आणि वर नळी, त्यात बारक्या माश्या अडकून बसतात.

औषधाच्या_दुकानातला
आबा, नमस्कार. मी ह्याच लाईनमध्ये आहे म्हणून तेवढ्या एका गोष्टीवर बोलतो, बाकी फुलपाखरांचं मला काही कळत नाही. घराला मुळी बांधा, काही बिघडत नाही. पण पोटात कुणी घेऊ नका, कृपा करून. ह्या कुळातल्या वेलींमध्ये ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं, ते मूत्रपिंड कायमचं निकामी करतं आणि त्यानं कॅन्सर होतो हे आता पक्कं झालंय. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवाली संस्था ह्याला पहिल्या गटात धरते, म्हणजे तंबाखू ज्या गटात तोच. १९९० च्या सुमाराला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत ह्याच कुळातली चिनी वनस्पती मिसळली गेली आणि बऱ्याच बायकांच्या किडन्या गेल्या, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. त्रास लगेच दिसत नाही, म्हणून जुन्या लोकांना तो मुळीमुळं झाला असं वाटलंच नसणार.

साप चावला तर उगाळत बसू नका, हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखान्यात, सापाच्या विषावरची लस तिथं असते. जांबोटीच्या आतल्या गावातनं खानापूरला यायलाच केवढा वेळ जातो, त्यात आणि अर्धा तास मुळी शोधण्यात नको.

आबा_खानापूर
बरं झालं सांगितलंस बाळा. सुनेला पण वाचून दाखवतो.

हिंडलग्याचा_बाबू
सगळ्यांना धन्यवाद, भाचीचा प्रोजेक्ट तर झालाच. फोटो झूम करून बघितला, मानेजवळ लाल आहे, पिवळ्यात काळ्या ठिपक्यांची रांग पण आहे, म्हणजे मादीच.

आता ईश्वरी हुडकूलालोय. एका नर्सरीत विचारलं तर त्यांनी लगेच एक वेल दाखवली, फूल एकदम मोठं, जांभळं-पांढरं नक्षीचं, पाईपसारखं वळलेलं. म्हणाला हीच ॲरिस्टोलोकिया, फुलपाखरांसाठीच लोक नेतात. पान हृदयाच्या आकाराचं. दोनशे रुपये म्हणतोय. घेऊ का?

पानवेल
नको!! अजिबात नको. तुम्ही सांगताय त्यावरून ती कॅलिको वेल वाटते, दक्षिण अमेरिकेतली. कूळ तेच असल्यामुळं मादीच्या पायाला चव ओळखीची लागते, अंडी घालते, आणि अळ्या ते पान खाऊन मरतात. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग म्हणून आपल्याच्या नात्यातलं एक आहे, तिथं लोकांनी हौसेनं हीच वेल घरोघरी लावली आणि अळ्या मरायला लागल्या, मग ती उपटायच्या आणि देशी वेल लावायच्या मोहिमा काढाव्या लागल्या. नर्सरीवाला खोटं बोलत नाही, त्याला माहिती नसतं एवढंच. फुलाच्या आकारावरनं लगेच कळतं: आपल्या ईश्वरीचं फूल बारकं, बोटाच्या पेराच्या आसपास, फिकट हिरवट आणि तोंडाशी जांभळट. पान लांबट, बऱ्याचदा कडेला लहरी आलेलं. तळहाताएवढं नक्षीदार फूल दिसलं की हात लावायचा नाही.

पाटील_लोंढा
मग भीमगडातनं दोन मुळ्या आणल्या तर? आमच्या इथनं जवळच आहे, रस्त्याकडेला दिसते वेल.

कणकुंबी_क्लिक्स
पाटील, तेवढं करू नकोस. २०११ पासून ते अभयारण्य आहे, आतनं रोप काय, वाळलेलं पान पण उचलायला परवानगी नाही, आणि फॉरेस्टवाल्यांनी धरलं तर सांगायला तोंड राहणार नाही. शिवाय तिथनं वेल काढली तर तिथल्याच अळ्यांचं ताट काढल्यासारखं होतंय. फुलपाखरू पकडून आणून परसात सोडायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तेही नको, बर्डविंगच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधन आहे आणि आणलेलं इथं राहतही नाही, उडून जातं.

आबांच्या बांधावर आहे की! खाजगी जमीन, त्यांनी दिली तर कुणाची आडकाठी नाही.

आबा_खानापूर
या की कधीपण. शेंगा पिकून उकलूलालेत बहुतेक, उकलल्यावर उलट्या छत्रीसारख्या लोंबतात, आत चपटं बी असतंय. बी पण न्या आणि मुळासकट दोन रोपं पण न्या. शनवारी येत असाल तर आधी फोन करा, बाजाराला जात असतो मी. नंबर इथं टाकत नाही, मेसेज करा.

पानवेल
बाबू, आणलं की एक लावून थांबू नका. एक मोठी अळी वेलीचा निम्मा पाला आठवड्यात संपवते, चार-पाच वेली पाहिजेत, आणि पहिलं वर्ष दीड वर्ष वेलीला वाढू द्या. अर्धी सावली, पाणी साचणार नाही अशी जागा, चढायला जुनं झाड किंवा कुंपण. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण दीड महिना धरा. परसात दुसऱ्या कशावरही फवारणी असेल तर ह्या वेलीपर्यंत येणार नाही एवढं बघा.

आणि अपेक्षा जरा क्रमानं ठेवा. हिंडलग्यात पहिलं कोण येणार तर कॉमन रोझ, मग क्रिमझन रोझ. ती येतीलच. त्यांच्या अळ्या पण तशाच काळपट लाल, काटेरी, त्यामुळं बघितल्या बघितल्या बर्डविंग आलं म्हणून इथं पार्टी मागू नका. कॉमन रोझच्या अळीवर मधोमध पांढरा पट्टा असतो आणि आकार बर्डविंगच्या निम्मा. बर्डविंगची पूर्ण वाढलेली अळी हाताच्या बोटाएवढी जाडजूड होते.

कणकुंबी_क्लिक्स
बर्डविंगचं मी सांगितलंच आहे, हिंडलगा कडेला आहे. उचगाव, वैजनाथचा डोंगर त्या बाजूनं पुढं चंदगडचं रान लागतं, तिकडनं एखादी भटकी मादी येऊ शकते, वेल नसेल तर थांबायचं तिला काही कारण नाही. आली तर ठिकाण आणि तारखेसकट आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदींच्या साईटवर टाक, शहराच्या इतक्या जवळची नोंद लोकांना उपयोगाची आहे. फोटो हलला तरी टाक.

टिळकवाडीची_ताई
आबा, दोन रोपं मलाही चालतील का? टेरेसवर मोठ्या कुंडीत होईल का पण ही वेल?

पानवेल
होईल ताई. अठरा इंची कुंडी घ्या, जाळीवर चढवा. शेजाऱ्यांची लहान मुलं, मांजर पानं चघळणार नाहीत अशा जागी ठेवा, वर औषधाच्या दुकानातल्यांनी लिहिलंय ते वाचलंच असेल. खाली पपनस, वर ईश्वरी, मग टिळकवाडीत दोन्ही राज्यांची सोय.

हिंडलग्याचा_बाबू
ताई, मी ह्या रविवारी खानापूरला जाऊलालोय, आबांना मेसेज केलाय. तुमची दोन घेऊन येतो, टिळकवाडीत आणून देतो. अथणीच्या दादांना बी पाहिजे असेल तर सांगा, पाकिटात घालून पोस्टानं पाठवतो.

अथणी_माळरान
नको ओ, किडामारीच सांभाळतो.